गावच्या दगडावरचे नऊ जण

“मी मरणार नाही, मॅडम.”

गेल्या जुलैत कारगिल विजय दिवसाची नाटिका बसवत होते. दरवर्षीची तीच. चार जवान, पुठ्ठ्याच्या बंदुका, मागे पांढऱ्या चादरीचा डोंगर, शेवटी एकाने छातीवर हात धरून पडायचं आणि तो पडला की स्पीकरवर गाणं लागायचं. पडायची भूमिका मानाची. पोरं त्यासाठी भांडतात. या वेळी मी ती आठवीतल्या सगळ्यात उंच मुलाला दिली, तर तो हे म्हणाला. पोरं हसली. मीही हसले. म्हटलं, “अरे, खोटं खोटं मरायचंय.” तो मान खाली घालून उभा राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला.

मधल्या सुट्टीत एक मुलगी टीचर्स रूमच्या दारात आली. “मॅडम, त्याचे पप्पा वर असतात.” क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, आमच्याकडे ‘वर’ म्हणजे सीमेवर.

एकवीस वर्षं इतिहास शिकवतेय, तेही सातारा जिल्ह्यात. याच जिल्ह्यात अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मारले गेले आणि आज लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. आमच्या गावाला तसं नाव नाही, पण दर तीन-चार घरांमागे एक पलटणीतला माणूस इथेही निघतो. त्या दिवशी घरी जाऊन प्रवेशअर्जांची फाइल उघडली. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात अडतिसांपैकी सात मुलांपुढे ‘सैन्य’ लिहिलेलं. अक्षर माझंच. भरताना डोकं कुठे होतं कोण जाणे.

नाटिका रद्द केली. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, त्यामुळे मुख्याध्यापक दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. मुलांना मी नाटिकेऐवजी गृहपाठ दिला: घरातल्या किंवा शेजारच्या कुणा मोठ्या माणसाला लढाईबद्दल विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. ‘त्यांच्याच शब्दांत’ हे तीनदा सांगितलं, कारण आमच्या मुलांना निबंधाची भाषा इतकी पाठ असते की आजीच्या तोंडीसुद्धा ती ‘मातृभूमीच्या रक्षणार्थ’ घालतात.

निम्म्या वह्यांत कँटीन होतं. खरंच. कँटीनमध्ये मिक्सर किती स्वस्त मिळाला, बाटली कुणाला दिली, कार्ड कुणाच्या नावावर आहे. मला आधी राग आला. मग वाटलं, मुलं खोटं तर बोलत नाहीत ना? त्यांच्या घरात फौज येते ती ट्रंकेतून आणि कँटीनच्या सामानातून. उरलेल्या वह्यांत मात्र काही ओळी अशा निघाल्या की मी त्या लाल पेनने हातही न लावता परत केल्या. एकीची आजी १९७१ साली लालबागच्या चाळीत होती, आजोबा गिरणीत. तिने सांगितलेलं: खिडक्यांना काळे कागद लावले होते, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले होते, भोंगा वाजला की चूल विझवायची. “आणि अंधारात सगळी चाळ एकमेकांना हाका मारून बघायची, कोण कुठं हाय ते.” त्या मुलीने खाली आपल्या मनाने लिहिलं होतं, ‘आजी हे सांगताना हसत होती.’

आणि एका वहीत एकच वाक्य. ‘आमचे गावात चावडीला दगड आहे त्यात लढाईचे लिहिले आहे पण कोणी वाचत नाही.’

मी वीस वर्षं त्या चावडीवरून येते-जाते. दगड पाहिला होता, म्हणजे तिथे काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं. भिंतीत बसवलेली, हातभर रुंद संगमरवरी पाटी. तिच्यावर रंगाचे थर, अर्ध्या भागावर रेशनचा फलक, आणि खाली मोटारसायकली लावलेल्या. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंधरा-सोळा मुलं घेऊन गेले. रॉकेल, काथ्याचा ब्रश, जुनी साडी. सरपंचांनी फलक काढायला परवानगी दिली, पण “परत लावा हं, तारखा आहेत त्याच्यावर,” असंही सांगितलं. रंग निघाला तरी अक्षरं वाचता येईनात. मग एका पोराने खडू आडवा धरून दगडावर घासला, आणि खोलगट अक्षरं तेवढी काळी राहिली. ही युक्ती मी शिकवलेली नाही. त्याला ती एक रुपयाच्या नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्यावरून सुचली.

मजकूर इंग्रजी, दोनच वाक्यांचा. या गावातून ६३ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली. त्यांपैकी ९ जणांनी प्राण दिले.

अशा पाट्या तेव्हाच्या सरकारने भरतीच्या गावोगावी बसवल्या. सगळीकडे साचा एकच, फक्त आकडे वेगळे. पण आपल्या चावडीवरचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचणं निराळं. मुलं गप्प झाली, आणि मग एकदम सगळे बोलायला लागले.

“मॅडम, पुस्तकात १९१८ आहे.” बरोबर आहे, ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या. पण तो युद्धविराम होता, व्हर्सायचा तह जून १९१९ मधला. आणि तोफा थांबल्या म्हणून आपली माणसं लगेच घरी आली असंही नाही.

“६३ जण गेले कुठं?” बरेचसे मेसोपोटेमियात. म्हणजे आजचा इराक. बसरा, बगदाद.

“बसरा म्हणजे नथीतले मोती?”

हो गं, तेच बसरा. माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, की ज्या शहराचं नाव आमच्या बायकांच्या ओठांवर मोत्यांमुळे आहे, तिथेच त्यांचे पणजे गाडले गेले.

आणि मग तो प्रश्न, जो येणारच होता. “नऊ जण कोण?”

दगडावर नावं नाहीत. ६३ नाहीत आणि ९ही नाहीत. ग्रामपंचायतीत कागद नाही. तलाठी म्हणाले, इतकं जुनं दप्तर असलंच तर जिल्ह्याला. गावातल्या जाणत्यांना विचारलं, तर जो तो म्हणे, “आमच्यातला एक होता.” असे मोजले तर पंधरा-सोळा झाले. सगळी घराणी आपापला हुतात्मा सांगायला तयार, नाव मात्र कुणाला सांगता येईना. “आज्ज्याचा चुलता,” एवढ्यावर गाडी थांबायची.

यात गावाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आपण स्वतःच्या पणज्याचं नाव श्राद्धापुरतं लक्षात ठेवतो. चुलत पणज्याचं कोण ठेवणार, आणि तेही परक्या राजासाठी परक्या मुलखात मेलेल्या? १९४७ नंतर या माणसांची मोठी अडचणच झाली होती. ते स्वातंत्र्यासाठी लढले नव्हते. त्यांना हुतात्मा म्हणावं तर कुठल्या बाजूचे? पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. जवळपास तेरा लाख हिंदी माणसं त्या युद्धात गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत. त्यांतल्या कित्येकांना भरतीला नेणारी गोष्ट एकच होती: पाऊस पडला नाही, आणि पलटणीत महिन्याला पगार होता. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “आत्ता पण तसंच हाय की.” मी त्याला गप्प बसवलं नाही. त्याचा भाऊ भरतीच्या तयारीला रोज पहाटे चार वाजता माळावर पळतो.

पहिलं नाव सापडलं ते देव्हाऱ्यात.

आठवीतल्या एका मुलीने शाळेत विचारलं, “मॅडम, आमच्या देवीवर इंग्रजी लिहिलंय. ते बघायचं का?” मला वाटलं, मूर्ती घडवणाऱ्याचं नाव वगैरे असेल. गेले. देव्हाऱ्यात टाक, बाळकृष्ण, जेजुरीचा भंडारा, आणि मागे टेकवलेली एक काशाच्या रंगाची चकती, आपल्या वाटीच्या तोंडाएवढी. वर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. कुंकवाने आणि वर्षांच्या तेलाने रेषा भरून गेलेल्या. घरातल्या आजी म्हणाल्या, “सासरी आल्यापास्नं हाय. भवानी म्हणूनच पुजतो. नवरात्रात माळ घालतो हिला.”

ती ब्रिटानिया होती, बाईच्या रूपातलं ब्रिटनचं प्रतीक. महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेलं स्मृतिपदक. तशी लाखो ओतली गेली, आपल्या शिपायांच्या घरीही आली. कडेने गोल मजकूर: स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी त्याने प्राण दिले. (स्वातंत्र्य! १९१९ साली, सातारा जिल्ह्यातल्या विधवेला!) आणि बाईच्या पुढे एका लहान चौकटीत उठावाच्या अक्षरांत मेलेल्याचं नाव. हुद्दा नाही, मुद्दामच. मेल्यावर सगळे सारखे, असा त्यामागचा विचार.

मी आजींना विचारून ओल्या फडक्याने चौकट पुसली आणि नाव वाचलं. इंग्रजी स्पेलिंग इतकं वेडंवाकडं की दोनदा वाचावं लागलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा आजींचा हात थांबला. “हे म्हातारीच्या मालकाचं नाव,” त्या म्हणाल्या.

म्हातारी म्हणजे त्यांची चुलत आजेसासू. आजी १९५७ साली लग्न होऊन आल्या तेव्हा ती साठीला टेकलेली होती. कुंकू लावायची. घरात कुणी विचारायचं नाही. नवरा बसऱ्याला गेला, पत्र आलं नाही, सरकारी कागद आला तो कुणी वाचून दाखवला की नाही ठाऊक नाही. एक चांदीचं नाणं पण आलं होतं म्हणे, ते बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेलं. ही चकती काशाची, तिचे पैसे आले नसते म्हणून राहिली. “म्हातारी रोज हिच्या पाया पडायची,” आजी म्हणाल्या. “आमाला वाटायचं देवीच्या पडती.”

म्हातारीला ठाऊक होतं का? वाचता येत नव्हतं तिला. मी या प्रश्नाभोवती बरेच दिवस फिरले आणि सोडून दिला.

नाव हाती लागल्यावर शाळेच्या संगणकावर शोध सुरू झाला. महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेले त्या महायुद्धाच्या हिशेबात धरलेले आहेत. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. अडचण स्पेलिंगची. लिहून घेणारा कारकून आपली नावं कानाने ऐकून उतरवायचा. ‘मराठा’त मधेच एक जादा एच. ‘शिंदे’ कधी एसने सुरू, कधी एसएचने. आमच्या गावाचं नाव मुलांनी चौदा प्रकारे लिहून पाहिलं, त्याची यादी वर्गाच्या भिंतीवर अजून आहे. त्यात आणखी एक घोळ: तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा बराच भाग होता, आणि आमच्याच नावाचं एक गाव तिकडेही आहे. दोन दिवस आम्ही दुसऱ्यांच्या गावची माणसं आपली म्हणून आनंदाने लिहून घेतली आणि मग खोडली. खोडताना मुलांना वाईट वाटलं. एक म्हणाला, “राहू द्या ना मॅडम, तिकडं तरी कोण शोधतंय त्यांना.”

देव्हाऱ्यातला माणूस सापडला. शिपाई, ११० वी मराठा पलटण. मृत्यू १९१६ चा पावसाळा.

११० वी मराठा मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारामध्ये होती, ब्रिटिशांच्या सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर. तुर्कांनी १९१५ च्या डिसेंबरात वेढा घातला, तो १४७ दिवस चालला. विमानातून पिठाची पोती टाकायची वेळ आली. घोडे कापून खायचा हुकूम झाला, आणि आपल्या पुष्कळ शिपायांनी कित्येक आठवडे घोडा खाल्ला नाही. हिरड्या सुजल्या, माणसं उभी राहीनात. २९ एप्रिल १९१६ ला तिथला ब्रिटिश सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेला. म्हणजे आमचा माणूस वेढ्यात मेला नाही, शरणागतीनंतर मेला, कैदेत. वाळवंटातून पायी नेलेले कैदी, आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावलेले हिंदी शिपाई, हे सगळं मला ठाऊक होतं. तेरा वर्षांच्या मुलांना किती सांगावं? मी घोड्यांपर्यंत सांगितलं आणि थांबले. मुलांनी तिथेच वाद घातला. तुम्ही खाल्ला असता का? निम्मा वर्ग हो, निम्मा नाही. एक जण म्हणाला, “घोडा ज्याचा त्याला विचारा आधी.”

मग नोंदीतली शेवटची ओळ. स्मारक: बसरा.

“तिथं तरी नाव असेल ना मॅडम?”

नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण आहे. ब्रिटिश सैनिकांची नावं भिंतीवर कोरली आहेत. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे. नावं वेगळ्या पुस्तकात. २०२१ साली त्या कमिशननेच अहवाल काढून मान्य केलं की अशी वागणूक भेदभावाची होती, आणि माफी मागितली. ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून शहरापासून ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवलं.

डिसेंबरात सहल पुण्याला नेली होती, तेव्हा खडकीची युद्धस्मशानभूमी पाहिली. हिरवळ, रांगेत दगड, कर्नल असो की शिपाई, दगडाची उंची एकच. मुली वयं वाचत होत्या: १९, २२, २०. उंच मुलगा एका रांगेच्या टोकाला बराच वेळ उभा होता. “इथं सगळ्यांना नाव आहे,” एवढंच म्हणाला. दिल्लीच्या इंडिया गेटवर आमचा माणूस असेल का, असंही त्याने विचारलं. तिथे तेरा हजारांवर नावं आहेत, पण ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. २०१९ साली झालेलं राष्ट्रीय युद्धस्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचं. त्याच्या त्यागचक्रात एकेका नावाची एकेक ग्रॅनाइटची वीट. हा मधल्या फटीतला.

म्हणजे चावडीवर आकडा, बसऱ्यात आकडा, दिल्लीत काही नाही. दगड सोडा, धातूतही त्याचं नाव उमटलं होतं ते एकाच जागी, आणि तिथे शंभर वर्षं कुंकू भरलेलं होतं.

आजपर्यंत नवांपैकी तिघे सापडले. दुसरे दोघे तापाने गेलेले. मुलांना हे जरा कमीपणाचं वाटलं. लढाईत माणूस गोळीनेच मरतो अशी त्यांची समजूत, आणि ती मीच नाटिका बसवून बसवून करून दिली. नावं इथे लिहीत नाही. दोघांच्या घरच्यांना विचारायचं राहिलंय. देव्हाऱ्यातल्या आजींना मी घाबरतच म्हटलं होतं, “आजी, ही देवी नाही बरं का.” त्यांनी चकती हातात फिरवून पाहिली. “मग काय झालं,” म्हणाल्या, आणि जागेवर ठेवली. आता हळदीकुंकवाचं बोट त्या आधी चौकटीला लावतात, मग बाईला.

जानेवारीत उंच मुलाचे वडील सुट्टीवर आले. २६ जानेवारीचं झेंडावंदन झाल्यावर प्रभातफेरी चावडीपाशी थांबवली आणि मुलांनी सापडलेली तीन नावं वाचली, तेव्हा ते मागे साध्या कपड्यांत उभे होते. नंतर माझ्याजवळ आले. स्पेलिंगच्या भानगडी मी त्यांना सांगत होते, चौदा प्रकार वगैरे. त्यांनी मधेच विचारलं, “मॅडम, नंबर आहे का त्यांचा?”

नोंदीत होता. चार आकडी.

“मग उरलेले पण नंबरवर शोधा. कुणाच्या घरात मेडल राहिलं असेल तर त्याच्या कडेला बघा, नंबर कोरलेला असतो. नाव काय, कारकून कसंही लिहितो. नंबर चुकत नाही. आमचं पण तसंच.”

मुलगा शेजारीच होता. वहीत त्याने तो चार आकडी नंबर लिहून घेतला. मग कुणी विचारलेलं नसताना, दगडाकडे बघत, एका दमात आणखी एक लांबलचक नंबर म्हणून दाखवला. शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट. वडिलांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“तुला कुणी सांगितला माझा?”

“ट्रंकेवर आहे,” तो म्हणाला.